कोल्ह्याचं लग्न कोण लावतं?

लग्नघरात सगळ्यात जास्त प्रश्न पडतात ते लहान मुलांना, आणि उत्तरं मिळत नाहीत तीही त्यांनाच. मोठी माणसं कामात असतात. कुणी आचाऱ्याशी वांग्यांचा हिशेब करत असतं, कुणी गुरुजींच्या यादीतली हळकुंडं शोधत असतं. त्यात एखादं पोर मध्ये घुसून विचारतं, "अक्षता तांदळाच्याच का?" मग त्याच्या हातावर लाडू ठेवून त्याला अंगणात पिटाळलं जातं. आमच्याकडची अशी पिटाळलेली पोरं माझ्याकडे येतात. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, त्यामुळे आत्याला सगळं माहीत असतं असा त्यांचा गोड समज आहे, आणि तो मी अजून मोडलेला नाही.

अलीकडे लाडवाची जागा फोनने घेतली आहे. प्रश्न विचारला की कुणीतरी काका खिशातून फोन काढतो आणि 'प्रथेमागचं शास्त्रीय कारण' मोठ्यांदा वाचून दाखवतो. जोडवी घातली की पायाच्या बोटातली नस दाबली जाते आणि तिचा संबंध थेट गर्भाशयाशी. अंगठीच्या बोटातून एक शीर सरळ हृदयाला जाते. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण लावलं की मांडवात प्राणवायू वाढतो. यातलं एकही खरं नाही. हाताच्या पाचही बोटांतलं रक्त सारख्याच वाटेने परत येतं, आणि ती हृदयाला जाणारी शीर तर मुळात जुन्या रोमन लोकांची कल्पना. ती आपल्याकडे कधी आली आणि आपली कधी झाली, कळलंही नाही. तोडलेल्या पानांचं तोरण आणि मांडवातली पाचशे माणसं यांचा हिशेब तर पाचवीतलं पोर करेल. मला राग खोट्याचा तितका येत नाही. येतो तो याचा, की या प्रथांमध्ये खरोखर पाहण्यासारखं इतकं आहे, आणि आपण तिकडे न बघता उसनं शास्त्र चिकटवून मोकळे होतो.

गेल्या डिसेंबरात थोरल्या भाचीचं लग्न झालं. घर पंचवटीत, सासर नदीपलीकडे रविवार कारंजाच्या बाजूला. त्या धामधुमीत मुलांनी जे विचारलं आणि मला जे सांगता आलं, ते इथे लिहिते आहे.

हळदीच्या दिवशी दुपारी धाकटी भाची मोरीतून किंचाळत बाहेर आली. तळहात लाल. बहिणीला हळद लावून झाल्यावर तिने कपड्याच्या साबणाची वडी हातावर घासली होती आणि पिवळे हात बघता बघता विटकरी लाल झाले होते. तिला वाटलं रक्तच. मी तिला ओट्यापाशी नेलं, वाटीभर पाण्यात चिमूटभर हळद घातली आणि आजीच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन त्यात ढवळला. वाटी लाल. मग अर्धं लिंबू पिळलं. वाटी पुन्हा पिवळी. तिने ते चारदा करून घेतलं आणि वाड्यातली सगळी पोरं गोळा केली. हळदीतलं कुरक्युमिन हे द्रव्य क्षाराशी गाठ पडली की रंग बदलतं, आम्लाशी पडली की परत मूळपदावर येतं. प्रयोगशाळेत लिटमस वापरतात तेच काम.

मग पुढचा प्रश्न आपोआप आला: कुंकूसुद्धा असंच करतात का? हो, जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीचंच. पण तिथे गंमत आहे. त्यात चुन्यापेक्षा टाकणखाराचं काम मोठं, आणि जोडीला लिंबाचा रस. चुन्याने आलेला लाल रंग लिंबू पडताच पळतो हे मुलांनी नुकतंच पाहिलं होतं. मग कुंकवाचा लाल लिंबाला भीत का नाही? कारण टाकणखारात बोरॉन असतं. आम्लाच्या संगतीत ते बोरॉन कुरक्युमिनला धरून बसतं आणि तयार होतो तो लाल रंग वेगळाच, पक्का. ज्या बाईने हे पहिल्यांदा केलं तिला बोरॉनचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं. तिला एवढं माहीत होतं की याने टिकतं. हल्ली डबीतलं कुंकू बहुतेक कृत्रिम रंगाचं असतं आणि कपाळ खाजतं, तो भाग वेगळा.

हळदीचे कपडे वहिनींनी साबणाने घासत न बसता उन्हात पसरून टाकले. संध्याकाळपर्यंत डाग निम्मे गेले. कुरक्युमिनला ऊन सोसत नाही. हे वहिनींना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांच्या सासूबाई तसंच करायच्या.

देवक आणायला मारुतीच्या देवळापर्यंत मिरवत गेलो. पुढे वाजंत्री, मागे काका खांद्यावर कुऱ्हाड घेऊन, काकूंच्या हातात पूजेचं ताट. परत येताना पंचपल्लव: आंबा, वड, पिंपळ, उंबर, जांभूळ. नाशकात पंचवटीच्या माणसाला पाच झाडांचं कौतुक सांगायची गरज नसते, पण मुलांनी उंबराची फांदी हातात घेतली तेव्हा तिला लगडलेलं एक पिकलं फळ खाली पडलं आणि फुटलं. आत किडे. "ई!" असा एक सामुदायिक आवाज झाला.

मी ते फळ सुरीने नीट उभं कापलं. उंबर म्हणजे खरं तर फळ नव्हेच, ती आत वळलेली पिशवी. तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं असतात. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात ते यामुळे. टोकाला एक अगदी चिंचोळं भोक असतं. त्यातून मुंगीहूनही लहान अशी गांधीलमाशीच्या जातीची मादी आत घुसते. वाट इतकी अरुंद की घुसताना तिचे पंख मोडतात, म्हणजे परत जायचा प्रश्नच नाही. येताना ती दुसऱ्या उंबराचे परागकण घेऊन आलेली असते. ते फुलांवर पडतात, ती अंडी घालते आणि आतच मरते. पुढे नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंख नसतातच. ते आतल्या आत माद्यांशी जुळतात, भिंतीला बोगदा पाडतात आणि मरतात. त्या बोगद्यातून नव्या माद्या नवे परागकण अंगावर घेऊन उडतात, दुसऱ्या झाडाकडे. उंबराला ही माशी नसेल तर बी धरत नाही, माशीला उंबर नसेल तर वंश चालत नाही. जन्म, लग्न आणि मरण एका फळात. भाच्याने विचारलं, "मग आपण उंबर खाल्लं तर?" मी म्हटलं, पाण्यात टाकून, फोडून, झटकून खायचं, आमच्या लहानपणी कुणी झटकतही नव्हतं.

देवकाची दुसरी गोष्ट थोरल्यांच्या बोलण्यातून आली. आमच्या बाजूला पंचपालवी, कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस, कुणाची वासनवेल. ज्यांचं देवक एक त्यांची सोयरीक होत नाही. आणि ज्याचं जे देवक ते झाड त्याने तोडायचं नाही, अशी जुनी शिस्त. काकाने लगेच फोन काढला: "बघा, आपल्या पूर्वजांना जनुकशास्त्र..." मी त्याला तिथेच थांबवलं. जनुकांचीच भीती असती तर मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगितला नसता. देवक हा कुळाचा प्रश्न आहे, रक्ताच्या तपासणीचा नाही.

पण मुलांना मी एक खरी गोष्ट सांगितली, तुलना म्हणून, कारण म्हणून नव्हे. कितीतरी झाडं स्वतःच्याच किंवा अगदी जवळच्या नात्यातल्या परागकणाला दारातून परत पाठवतात. फुलाच्या कुक्षीवर परागकण पडला की त्याची नळी खाली बीजांडाकडे वाढायला लागते. पण त्याची खूण आणि फुलाची खूण एकच निघाली तर ती नळी वाटेतच अडवली जाते. एकाच देवकाची दोन घरं. पपईसारखी झाडं तर नर वेगळा, मादी वेगळी ठेवून हा घोळच संपवतात.

यावर निफाडहून आलेल्या व्याह्यांनी त्यांचा प्रश्न टाकला, आणि तो सगळ्यात चांगला होता. "मग आमच्या थॉमसनचं काय? तिला बीच नाही." त्यांची द्राक्षबाग आहे. बिनबियांच्या द्राक्षात फलन होतं, पण बी कोवळेपणीच वाढायचं थांबतं. मणी मात्र वाढतो, आणि तो पुरेसा फुगावा म्हणून जिबरेलिक आम्लाची डुबणी द्यावी लागते, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. बागेतली प्रत्येक वेल कलमाची: खाली डॉगरिजचा खुंट, वर थॉमसनची काडी. खालच्याने पाण्याचा ताण आणि खारट जमीन सोसायची, वरच्याने गोड घड द्यायचे. "म्हणजे मूळ एकाचं आणि नाव दुसऱ्याचं," व्याही म्हणाले आणि बायकोकडे बघून हसले. बायको हसली नाही. निफाड-दिंडोरीकडच्या आमच्या पाहुण्यांत लग्नाची तारीख पंचांगाआधी बागेला विचारतात. छाटणीत नको, खुड्यात नको. यंदा डिसेंबर मिळाला तो घासाघीस करूनच.

फुलांबद्दल थोडक्यात. भाचीला 'अगदी पारंपरिक' सजावट हवी होती म्हणून सराफ बाजाराकडून झेंडूची पोती आणि निशिगंधाच्या माळा आल्या. झेंडू आणि निशिगंध, दोन्ही मूळ मेक्सिकोकडचे. युरोपीय जहाजांतून आपल्याकडे आले. त्याच वाटेने पंगतीतला बटाटा आला, टोमॅटो आला, ठेच्यातली मिरची आली, मसालेभातातला काजू आला. हे ऐकून भाची जरा हिरमुसली. मला तर ते आवडतं. आलेल्या पाहुण्याला चारशे-पाचशे वर्षांत इतकं घरचं करून घ्यावं की तो नसेल तर मांडव ओका दिसावा, यात वाईट काय?

आणि अक्षता. नाशकात तांदूळ, कारण जवळच इगतपुरी-त्र्यंबकचा भात. विदर्भात ज्वारीच्या अक्षता टाकतात, कारण तिथे घरात ज्वारी. कच्चा तांदूळ खाऊन पाखरांची पोटं फुगतात ही बाहेरून आलेली भीती मुलांच्या कानावर होती. भाताच्या शेतात मुनियांचे थवे बघा म्हटलं, तेवढं उत्तर पुरलं. अन्न पायदळी जातं हा आक्षेप वेगळा आणि तो मला मान्य आहे.

आता नदी. हा विषय लग्न ठरतानाच निघाला होता. घरातल्या सगळ्यांचं एकच टुमणं: "सिंहस्थ लागायच्या आत उरका." नाशकात सिंहस्थ म्हणजे कुंभमेळा, साधू, रस्त्यांची खोदाई आणि घरी येऊन राहणारे नातेवाईक. पण लग्नाशी त्याचा काय संबंध, असं भाच्याने विचारलं. गुरू हा ग्रह सिंह राशीत आला की सिंहस्थ. त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणून हा योग बारा वर्षांच्या आसपास येतो: २००३, २०१५ आणि आता २०२७चा. धर्मशास्त्राने या काळात लग्न-मुंजी वर्ज्य सांगितल्या. कुठे? तर गोदावरीच्या उत्तर तीरापासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंतच्या मुलखात. गोदावरीच्या दक्षिणेला आणि भागीरथीच्या उत्तरेला, सिंह नवांशाचा (राशीच्या नवव्या हिश्श्याचा) थोडा काळ सोडला तर, मोकळीक.

भाचा नाशिकचा. त्याने क्षणात नकाशा मांडला. "म्हणजे गंगापूर रोडची लॉन्स चालतील आणि संभाजीनगर रोडची बंद?"

मी हसले, पण प्रश्न चोख होता. पंचवटी गोदावरीच्या डाव्या काठावर, जुनं नाशिक उजव्या. नियम अक्षरशः घ्यायचा तर आमच्या दारातला मांडव दोषी आणि पूल ओलांडून भाचीच्या सासरी घातलेला निर्दोष. मध्ये दहा मिनिटांचं अंतर, तेही रविवार कारंजावर गाड्या अडकतात म्हणून. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. दुसऱ्या दिवशी गंगेवर गेलो असताना (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) रामकुंडापाशी उभं राहून त्याने सूर्याकडे बघत दिशा लावली आणि म्हणाला, "आत्या, इथे तर नदी दक्षिणेकडे चाललीये. मग उत्तर काठ कुठला?"

खरंच आहे. त्र्यंबकहून पूर्वेकडे येणारी गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. हे स्थान पवित्र मानलं जातं त्याचं एक कारण तेच. तिथे काठ उत्तर-दक्षिण राहतच नाहीत, पूर्व-पश्चिम होतात. पुढे तपोवनाकडे नदी पुन्हा पूर्वेची वाट धरते. ज्याने नियम लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर राजमहेंद्रीपर्यंत जाणारी अख्खी नदी होती, रामकुंडाचं वळण नव्हतं. मी हे गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "डावा काठ तो उत्तर. नदी कितीही वळली तरी पाण्याच्या तोंडाकडे तोंड करून उभं राहायचं नाही, पाठ करून उभं राहायचं." म्हणजे वाहत्या पाण्याबरोबर. भूगोलाच्या पुस्तकातली डाव्या-उजव्या तीराची व्याख्या इतक्या सोप्या शब्दांत मी वर्गात कधी सांगितली नव्हती. आणि अडलेल्यांसाठी अपवाद आहेतच, हेही त्यांनी हळूच सुचवलं. शास्त्र लिहिणाऱ्यांना माणसं माहीत होती.

चातुर्मासाचं मात्र कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आषाढी एकादशीला देव झोपले की लग्नं बंद, कार्तिकीला उठले, तुळशीचं लग्न लागलं की मांडव सुरू. नाशकात याचा पुरावा गंगेवरच उभा आहे: दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही क्युसेकचे आकडे विचारत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, छातीला लागलं का, एवढंच विचारतो. मारुतीच्या गळ्याशी पाणी असताना वऱ्हाड कुठून आणायचं? पेरण्या, आवण्या, निंदणी, वाहत्या ओढ्यांतून बैलगाड्या. देवांची झोप आणि शेतकऱ्याची धांदल एकाच दिवशी सुरू व्हावी हा योगायोग मला तरी वाटत नाही.

त्या चार महिन्यांत लग्न लागतं ते एका कोल्ह्याचंच. श्रावणात ऊन पडलेलं असताना पाऊस आला की कोल्ह्याचं लग्न. "पण ते लावतं कोण?" हा प्रश्न धाकटीचा, पावसाळ्यापासून साठवून ठेवलेला. तिला मी सांगितलं ते असं. सूर्य कलला की तो ढगाच्या कडेखालून आत बघतो, डोक्यावर ढग असतो पण उजेड बाजूने येतो. किंवा वारा थेंबांना ढगापासून दूर ढकलून देतो. लग्नाला आरासही असते, ती सूर्याकडे पाठ करून बघायची. मात्र सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा वर असला तर जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही, म्हणून श्रावणात नाशकात भरदुपारी बघून उपयोग नाही, चारच्या पुढे बघावं. जपानमध्येही अशा पावसाला कोल्ह्याचंच लग्न म्हणतात आणि हिंदीत गिदडाचं. इतक्या दूरदूरच्या लोकांना हाच प्राणी का सुचला असेल, याचा विचार तिने करावा म्हणून सोडून दिला.

कोल्ह्याबद्दल मात्र एक गोष्ट पक्की सांगता येते. त्याला लबाड म्हणून आपण बदनाम केलं, पण तो जोडीने राहतो, नर-मादी मिळून हद्द राखतात, पिल्लांना दोघंही भरवतात, आणि कधी कधी आदल्या वर्षीची मोठी पोरं धाकट्यांना सांभाळायला घरीच थांबतात. शिवाय द्राक्षं त्याला मुळीच आंबट लागत नाहीत. निफाडच्या व्याह्यांनी यावर मान जोरात डोलावली.

लग्न लागलं संध्याकाळी. गोरज मुहूर्त, गायी घरी परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते ती वेळ. या मुहूर्ताला घड्याळ लागत नव्हतं. बाकीच्या मुहूर्तांना घटिकापात्र असायचं: बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यात तरंगत ठेवायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. आमच्या लॉन्सवर गायी नव्हत्या. धूळ होती, पार्किंगची.

सप्तपदी झाल्यावर गुरुजींनी दोघांना बाहेर नेऊन आकाशाकडे बोट दाखवलं. "ध्रुव बघा, अरुंधती बघा." दोघांनी मान वर केली, फोटोवाल्याने फोटो काढला, सगळे आत गेले. भाचा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "काय दिसलं त्यांना?" एलईडीच्या झगमगाटात खरं तर काहीच नाही. आम्ही दोघं लॉन्सच्या मागे, आचाऱ्यांच्या शेगड्यांच्या पलीकडे गेलो. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी आकाशात साधारण १० अंश. नाशिक २० अक्षांशावर, म्हणून उत्तरेला क्षितिजावर दोन मुठी रचल्या की वर ध्रुव. सापडला. तो अढळ आहे का, हे त्याने विचारलंच. आपल्या आयुष्यापुरता, जवळजवळ. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा घुमतो आणि त्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांचा. पाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवाच्या जागी कालेय तारकासमूहातला दुसराच तारा होता.

अरुंधती मात्र सापडणार नव्हती. सप्तर्षी डिसेंबरात संध्याकाळी नाशकाच्या क्षितिजाखाली असतात, उगवायला मध्यरात्र होते. मे महिन्यातल्या जोडप्याला रात्री नऊला ते उत्तरेला चांगले उंच दिसतात. डिसेंबरातल्या जोडप्याने गुरुजींच्या बोटावर विश्वास ठेवायचा. भरदुपारच्या मुहूर्तांना तर काय बोलावं! पण दाखवायची रीत सुंदर आहे: आधी मोठा वसिष्ठ दाखवायचा, नजर तिथे ठरली की त्याला खेटून असलेली बारीक अरुंधती. दोघं आपल्यापासून ८० प्रकाशवर्षांच्या आसपास. दुर्बिणींनी पुढे कळलं की वसिष्ठ एकटा नाही, चार ताऱ्यांचा मेळ आहे, आणि अरुंधतीही दोन ताऱ्यांची. हे ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे एकत्र कुटुंब." पंचवटीतल्या वाड्यात वाढल्यावर दुसरं काय सुचणार?

फेब्रुवारीत नवीन जोडप्याला आणि पोरांना घेऊन नांदूर मध्यमेश्वरला गेले. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा; २०२० साली तो रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जाहीर झाला, महाराष्ट्रातली अशी पहिली जागा. मला तिथे दाखवायचे होते ते चक्रवाक. अथर्ववेदातल्या विवाहसूक्तात वधूवरांसाठी मागणं आहे की हे दांपत्य चक्रवाकांसारखं राहो. सूक्त म्हणणारे हयात असतात, चक्रवाक बघितलेले फार कमी. आणि ते तर दर हिवाळ्यात लडाख-तिबेट-मध्य आशियाकडून येऊन आपल्या निफाड तालुक्यात चरत असतात.

मनोऱ्यावरून दुर्बीण लावली. नारिंगी-तांबूस अंग, फिकट डोकं, काळी शेपटी. गाळावर दोन-दोन, दोन-दोन. "आँग" असा नाकातला आवाज पाण्यावरून येत होता. कवींनी लिहून ठेवलंय की शाप आहे म्हणून ही जोडी रात्री वेगळी होते आणि दोन काठांवरून एकमेकांना हाका मारते. हाका खऱ्या आहेत. हे पक्षी रात्रीही चरतात, अंधारात पांगतात, आणि एकमेकांचा ठाव आवाजाने ठेवतात. शापाचं तेवढं कवींचं.

"यातली नवरी कुठली?" धाकटीने विचारलं. मादीचा चेहरा जरा जास्त पांढरट. आणि विणीचा हंगाम जवळ आला की नराच्या गळ्याभोवती एक बारीक काळी कंठी उमटते. हंगाम सरला की फिकी पडते. एकाच्या गळ्यात ती उमटायला लागलेली दिसली, तशी दुर्बीण हातोहात फिरली.

"मंगळसूत्र नवऱ्याला!" धाकटी ओरडली. जावईबापू नकळत स्वतःच्या मफलरशी चाळा करायला लागले.

"आणि अंडी?" हा प्रश्न नव्या नवरीचा.

"मादी उबवते. तिकडे कड्यातल्या बिळात, चार आठवडे."

"मग तो काय करतो?"

"पहारा."

"पहारा म्हणजे नक्की काय?"

"जवळपास उभा असतो," मी म्हटलं.